ग्राफिक्स कार्ड बदलले तरी गेम अडखळतो: दोष प्रोसेसरच्या कॅशचा की आणखी कशाचा?

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात समोर येते. नवे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा (दर सेकंदाला येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रांचा) आकडा शंभराच्या पुढे गेलेला असतो, आणि तरीही गर्दीच्या चौकात गाडी वळवताना किंवा पाच-सहा खेळाडू एकदम समोर आले की चित्र क्षणभर थिजते आणि नेमका तेव्हाच नेम चुकतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात विचारले तर प्रोसेसर बदलण्याचा सल्ला मिळतो, मित्र रॅम वाढवायला सांगतो, आणि तिसरा कोणी मोठ्या कॅशच्या (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीच्या) एक्स३डी प्रोसेसरशिवाय गत्यंतर नाही असे ठासून सांगतो. यांपैकी कोणताही सल्ला बरोबर असू शकतो, पण तुमच्या संगणकाला कोणता लागू पडतो हे तपासणी केल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

मोठी कॅश एकच अडचण दूर करते, ती म्हणजे प्रोसेसरला हवी असलेली माहिती रॅममधून येईपर्यंत त्याला थांबून राहावे लागणे. उष्णतेने मंदावलेला प्रोसेसर, एकाच स्लॉटमध्ये अडकलेली रॅम, पहिल्यांदाच तयार होणारे शेडर (चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम) किंवा भरून गेलेली ग्राफिक्स मेमरी यांवर तिचा काहीही उपाय चालत नाही, आणि दुर्दैवाने पडद्यावर या सगळ्यांची लक्षणे जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एकेक कारण वगळत जावे, आणि कॅशवर ठपका सर्वांत शेवटी ठेवावा.

सरासरी एफपीएसवर विसंबू नये

६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ एफपीएसला अवघे ६.९. समजा एका सेकंदात १०० फ्रेम आल्या, त्यांपैकी नव्याण्णव फ्रेमना प्रत्येकी सुमारे ९.४ मिलिसेकंद लागले आणि एका फ्रेमला ७०. तरी सरासरी १०० एफपीएसच दिसते, पण त्या एका फ्रेमचा झटका डोळ्यांना आणि हाताला स्पष्ट जाणवतो. त्यामुळे कॅपफ्रेमएक्स, प्रेझेंटमॉन किंवा एमएसआय आफ्टरबर्नर यांपैकी एखादे साधन वापरून ‘एक टक्का लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस) हा आकडा आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख नोंदवावा. चाचणीसाठी गेममधली एकच जागा आणि एकच मार्ग ठरवून घ्यावा, आणि पुढची प्रत्येक तपासणी तिथेच करावी, कारण जागा बदलली की आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

प्रोसेसर थांबतो तो कशासाठी

सध्याच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये कॅशचे तीन थर असतात. एएमडीच्या झेन ३ रचनेत प्रत्येक कोअरला (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकाला) माहितीसाठी ३२ केबी एल-१ आणि ५१२ केबी एल-२ कॅश असते, तर एल-३ कॅश एका गटातल्या सगळ्या कोअरमध्ये सामायिक असते. एल-१ मधली माहिती चार-पाच घड्याळचक्रांत हाती येते, एल-२ मधली साधारण डझनभर चक्रांत, एल-३ मधली पन्नाशीच्या आसपास. पण रॅमपर्यंत जावे लागले तर सुमारे ७० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ३०० हून अधिक चक्रे. धरमपेठेतल्या दुकानदाराला हवी ती वस्तू मागच्या मांडणीवर सापडली नाही म्हणून इतवारीच्या गोदामात माणूस पाठवावा लागला, तर गिऱ्हाईक तेवढा वेळ ताटकळते. प्रोसेसरच्या कोअरचे तसेच होते.

माहिती ओळीने मांडलेली असेल तर प्रोसेसर पुढचा अंदाज घेऊन ती आधीच मागवून ठेवतो, आणि म्हणून व्हिडिओ रूपांतरासारख्या कामांना मोठ्या एल-३ कॅशचा फारसा फायदा होत नाही. गेमची गोष्ट वेगळी आहे. शहरातला प्रत्येक वाटसरू, प्रत्येक गाडी, टक्करींची गणिते आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आज्ञांची यादी या सगळ्यांची माहिती मेमरीत विखुरलेली असते, एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता असतो, आणि पहिली हाती आल्याशिवाय दुसरी कुठे आहे हे कळत नाही. ही सारी माहिती दर फ्रेमला पुन्हा लागते. ती एल-३ मध्ये मावली तर फ्रेम वेळेत तयार होते. थोडी जरी बाहेर राहिली तरी दर फ्रेमला रॅमकडे धाव घ्यावी लागते. म्हणूनच कॅशचा फायदा एकसारखा चढत जात नाही. गेमला २० एमबी लागत असतील तर १६ वरून ३२ वर गेल्याने मोठा फरक पडतो, आणि ३२ वरून ९६ वर गेल्याने जवळजवळ काहीच पडत नाही. गर्दीच्या ठिकाणीच अडखळण्याचे कारणही हेच आहे, कारण तिथे एकाच वेळी लागणारी माहिती वाढते.

आधी काय वगळावे

पहिली तपासणी सोपी आहे. गेमचे रिझोल्यूशन आणि चित्राचा दर्जा दोन्ही एकदम खाली आणावेत. एफपीएस भरभरून वाढले, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती आणि प्रोसेसरच्या कॅशचा विचार तूर्त सोडून द्यावा. आकडा होता तिथेच राहिला आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या बराच खाली दिसला, तर अडथळा प्रोसेसर, रॅम किंवा सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की या सोयी चित्र आतून कमी रिझोल्यूशनवर बनवतात, त्यामुळे ४के मॉनिटरवरही भार पुन्हा प्रोसेसरकडे सरकतो.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्केच दिसतो, म्हणून प्रोसेसर मोकळा आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बारा थ्रेडच्या (एका वेळी बारा कामे चालवणाऱ्या) प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरला पुरता गुंतवून ठेवत असला तरी एकूण आकडा लहानच राहतो. शिवाय रॅमची वाट पाहत उभा असलेला कोअर विंडोजच्या हिशेबात कामात गुंतलेलाच धरला जातो, त्यामुळे तो काम करतो आहे की थांबला आहे हे त्या टक्क्यांवरून कळत नाही.

दुसरे कारण उष्णता, आणि नागपुरात हे कारण वगळल्याशिवाय मी पुढे जातच नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि नवतप्यात दुपारी बंद खोलीतली हवा संध्याकाळपर्यंत निवत नाही. हीटसिंक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो दोहोंमधला फरक तेवढा आटोक्यात ठेवतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना ६८ अंशांवर चालणारा प्रोसेसर, तेवढेच काम करताना, ४० अंशांच्या खोलीत ८८ च्या आसपास जाणार हे उघड आहे. रायझेन ७ ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० अंश आणि ७८००एक्स३डी ची ८९ अंश आहे, आणि त्या मर्यादेशी प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो हे साधन चालू ठेवून झटक्याच्या क्षणी तापमान आणि घड्याळवेग एकत्र पाहावेत. वेग घसरला आणि त्याच वेळी गेम अडखळला, तर दोष उष्णतेचा. वेग स्थिर राहूनही गेम अडखळला, तरच पुढची कारणे शोधावीत.

आपल्याकडच्या डेझर्ट कूलरबद्दलही सांगायला हवे. त्याची हवा कोरड्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान खरोखर उतरवते आणि त्याचा लाभ संगणकालाही होतो, पण कॅबिनेट थेट त्याच्या झोतात ठेवू नये. त्या दमट हवेबरोबर आलेली धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटून घट्ट बसते आणि नुसती हवा मारून निघत नाही. पंखा काढून मऊ ब्रशने पात्यांच्या फटी एकेक करून मोकळ्या कराव्या लागतात. पाऊस लागून उकाडा सुरू झाला की कूलरचा परिणामही ओसरतो, म्हणून जूनअखेरीस ही तपासणी पुन्हा करावी.

तिसरे कारण रॅम, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त संगणक इथेच अडकलेले असतात. १६ जीबीची एकच पट्टी बसवलेली असेल तर मेमरीचा एकच चॅनेल चालतो आणि वहनक्षमता निम्मी होते. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. पट्टीवर ३२०० लिहिलेले असले तरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्सपो ही रॅमला पूर्ण वेग देणारी सोय चालू केल्याशिवाय ती अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच धावते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खरा वेग दिसतो. सीपीयू-झेड या साधनामध्ये मात्र त्याच्या निम्मा आकडा असतो, म्हणजे तिथे १६०० दिसले तर रॅम ३२०० वरच चालली आहे असे समजावे. लहान कॅशच्या प्रोसेसरला रॅमकडे वारंवार जावे लागते, त्यामुळे मंद रॅमचा फटका त्यालाच अधिक बसतो.

सॉफ्टवेअरची कारणे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा रायझेन प्रोसेसरवर एल-३ कॅशला लागणारा वेळ सुमारे तिपटीपर्यंत वाढत होता, आणि काही ई-स्पोर्ट्स गेमना १० ते १५ टक्के फटका बसू शकतो असे एएमडीनेच कळवले होते; त्याच महिन्यात आलेल्या अद्यतनाने तो दोष गेला. मार्च २०२२ मध्ये एएमडीने असेही मान्य केले की काही रायझेन संगणक एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-किल्ल्या सांभाळणाऱ्या सोयीमुळे) अधूनमधून क्षणभर थांबतात, आणि त्यावरचा उपाय एजीसा (एएमडी पुरवत असलेला बायोसचा गाभा) १२०७ किंवा त्यापुढच्या बायोसमध्ये दिला. जुन्या बायोसवर आणि अर्धवट अद्यतनांवर चालणारे संगणक आजही भेटतात, म्हणून आधी दोन्ही अद्ययावत करावेत. शेडरचा झटका ओळखणे त्याहून सोपे आहे: तोच मार्ग लगेच पुन्हा फिरावा. दुसऱ्या फेरीत झटके नाहीसे झाले तर ते शेडरचे किंवा डिस्कवरून माहिती उचलण्याचे होते. त्याच गर्दीच्या जागी दर वेळी तसेच आले तर संशय कॅशकडे वळतो.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन असतात. त्याची ४ जीबी मेमरी भरली आणि प्रोसेसर किंवा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असला, तर त्या अरुंद वाटेवर माहितीची कोंडी होते आणि गेमला झटके बसतात. इथे टेक्स्चरचा दर्जा एक पायरी उतरवला की फरक लगेच कळतो.

कॅशचाच दोष आहे हे कसे पडताळावे

वरचे सगळे वगळून झाले असेल तर दोन चाचण्या कराव्यात. ठरलेल्या जागी, कमी रिझोल्यूशनवर, एक टक्का लो नोंदवून घ्यावा. मग बायोसमध्ये रॅमचा वेग ३२०० वरून २४०० वर आणून तीच फेरी पुन्हा मारावी. नंतर रॅम पूर्ववत करून विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के करावी, म्हणजे बहुतेक संगणकांवर बूस्ट (गरजेपुरता वाढवलेला वेग) बंद होऊन प्रोसेसर मूळ वेगावर येतो, आणि पुन्हा तीच फेरी मारावी. रॅम मंदावल्यावर आकडे बरेच घसरले, पण प्रोसेसरचा वेग कमी केल्यावर त्या प्रमाणात घसरले नाहीत, तर प्रोसेसर गणितात नव्हे, वाट पाहण्यात वेळ घालवतो आहे, आणि मोठ्या कॅशचा त्याला निश्चित उपयोग होईल. उलट झाले तर अधिक वेगवान कोअर हवेत. चाचणी संपल्यावर ९९ चे पुन्हा १०० करायला विसरू नये.

मानेवाड्यातल्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याच्या संगणकावर ही पद्धत पूर्ण वापरता आली. सहा कोअरचा, अंगभूत ग्राफिक्स असलेला आणि १६ एमबी एल-३ कॅशचा प्रोसेसर त्याने आधी घेतला होता, आणि पैसे साठल्यावर स्वतंत्र कार्ड बसवले होते. रॅमची एकच पट्टी होती आणि ती २४०० वर चालत होती. तशीच दुसरी पट्टी बसवून एक्सएमपी चालू केल्यावर बहुतेक झटके तिथेच थांबले. शहराच्या मध्यभागातले तेवढे उरले, आणि तिथे वरच्या दोन्ही चाचण्यांचा कौल कॅशकडे गेला. त्यानंतरच त्याने ३२ एमबीचा प्रोसेसर घेतला आणि तो भाग सुरळीत चालू लागला. नव्या भागात पहिल्यांदा शिरताना येणारे शेडरचे झटके मात्र तसेच राहिले, आणि ते राहणारच होते.

खोक्यावरचा आकडा वाचताना

कॅशचा परिणाम समजून घ्यायला रायझेन ५ ५६००जी आणि रायझेन ५ ५६०० ही जोडी चांगली आहे. दोन्ही झेन ३, दोन्ही सहा कोअर, दोन्हींचा बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ, पण पहिल्यात एल-३ कॅश १६ एमबी आणि दुसऱ्यात ३२ एमबी. रायझेन ५ ५५०० हाही १६ एमबीचाच आहे आणि नावावरून ते कळत नाही. काही जाहिरातींत एल-२ आणि एल-३ ची बेरीज छापतात, त्यामुळे ५६००जी वर १९ आणि ५६०० वर ३५ असे आकडे दिसतात. तुलना नेहमी एल-३ चीच करावी, आणि तो आकडा टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर मिळतो.

बेरजेत आणखी एक खोच आहे. रायझेन ५ ३६०० ची ३२ एमबी कॅश १६-१६ अशा दोन भागांत विभागलेली आहे, रायझेन ९ ५९००एक्स ची ६४ एमबी ३२-३२ अशी, आणि ७९५०एक्स३डी ची १२८ एमबी ९६ आणि ३२ अशी. कोअरला खरा उपयोग आपल्या भागातल्या कॅशचाच होतो. ७९५०एक्स३डी वर गेम मोठ्या कॅशच्या भागावर चालावा यासाठी चिपसेटचा ड्रायव्हर आणि एक्सबॉक्स गेम बार दोन्ही नीट असावे लागतात, म्हणून केवळ गेमसाठी मला आठ कोअरचा, एकसंध कॅशचा प्रोसेसर अधिक भरवशाचा वाटतो. इंटेल आणि एएमडी यांची तुलना मात्र निव्वळ एमबी मोजून करू नये. कोअर आय५ १२४००एफ मध्ये एल-३ १८ एमबीच असली तरी प्रत्येक कोअरची एल-२ १.२५ एमबी आहे, त्यामुळे दोहोंचा हिशेब सरळ जुळत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी ने ३२ एमबीवर ६४ एमबीचा आणखी एक थर रचून कॅश ९६ एमबी केली. त्याचा बूस्ट ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साध्या ५८००एक्स च्या ४.७ पेक्षा कमीच, तरीही अनेक गेममध्ये तो पुढे राहतो. फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ किंवा असेटो कोर्सा काँपेटिझिओने सारख्या गेममध्ये हे ठळकपणे दिसते. त्यात आणि ७८००एक्स३डी मध्ये हा थर कोअरच्या वरच्या बाजूला असल्याने उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तो कोअरच्या खाली नेला आहे, आणि विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार करता हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

एएम४ (एएमडीच्या रायझेन ५००० पर्यंतच्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या) मदरबोर्डवर प्रोसेसर बदलणाऱ्यांनी नवा प्रोसेसर आपल्या बोर्डाच्या यादीत आहे का हे आधी पाहावे, आणि जुना बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करावा. हीटसिंक काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून थर्मल पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वीज काढून, हीटसिंक अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम नव्याने मांडला जातो आणि किल्लीशिवाय डिस्क उघडत नाही. ५६०० सारख्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कधी बिघडले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

लॅपटॉपवाल्यांना प्रोसेसर बदलता येत नाही, आणि ज्यांचे सध्या बजेट नाही त्यांनाही त्याच प्रोसेसरवर भागवायचे आहे. त्यांनी गेममधली गर्दीची घनता, दूरवरचे दृश्य आणि सावल्या एकेक पायरी उतरवाव्यात, कारण या तिन्हींमुळे दर फ्रेमला लागणारी माहिती कमी होते. टेक्स्चर किंवा अँटी-अलियासिंग कमी करून या अडचणीत काही साधत नाही. ब्राउझर आणि रेकॉर्डिंगची साधने बंद ठेवावीत, कारण एल-३ कॅशमधली जागा तीही व्यापतात. शेवटी एफपीएसची मर्यादा आपल्या एक टक्का लोच्या थोडी वर बांधावी: तो ५५ असेल तर ६०. कोपऱ्यातला आकडा लहान दिसेल, पण फ्रेमटाइमचा आलेख सपाट होईल आणि प्रोसेसरही कमी तापेल.